बापटांची गरम जमीन

बापटांच्या घरी गेलं की पाणी नंतर मिळतं, आधी जमिनीवर झोपावं लागतं. उताणं, हातपाय पसरून. "पाठ टेका, पाठ! पाठीला पटलं की डोक्याला पटतं," म्हणत बापट शेजारी उभे राहतात. जपानात कावासाकी शहरातल्या ऑफिसात आठवडाभर पिळून निघालेला मी शनिवारी टोकियोतल्या निशी-कसाईच्या घरून निघून, नागानोच्या डोंगरात बर्फ तुडवत पोचतो. मला आडवं व्हायला सांगावं लागत नाही. पण मग बापटांचं व्याख्यान सुरू होतं आणि उठायची चोरी होते.

बापट आमच्याच ऑफिसातले, हल्ली बहुतेक घरून काम करतात, अधूनमधूनच ऑफिसात येतात. या गावात रिकामं पडलेलं जुनं घर त्यांनी हौसेनं घेतलं आणि वहिनींना टोकियोतून उचलून इथे आणलं. वहिनींनी एक हिवाळा काढला. "मला थंडी सोसत नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुण्याला निघून गेल्या. तेव्हापासून बापटांना एकच ध्यास. घर असं गरम करायचं, की ही परत राहायला आली पाहिजे.

गावात गरम पाण्याचे झरे आहेत. पाणी इतकं कढत, की अंघोळीआधी निववावं लागतं. "अहो, खाली अखंड चूल पेटलीय, आणि लोक रॉकेलचे हीटर लावतात!" हे वाक्य मी ट्रेनमध्ये, कॅन्टीनमध्ये आणि एकदा तर क्लायंटसमोरही ऐकलं आहे. शेवटी गावाची परवानगी काढून बापटांनी झऱ्याचं पाणी थेट जमिनीखालच्या नळ्यांतून फिरवलं. शेजारच्या म्हाताऱ्या मोरीसाननी ते पाहून मान वाकडी केली आणि दातांतून स्स् करून हवा आत ओढली. जपानी माणसाने असं केलं की समजावं, हे काही खरं नाही. बापटांना वाटलं, म्हातारा थक्क झाला.

थोड्याच दिवसांत नळ्या क्षाराने बुजल्या. एक सांधा गळला आणि घरभर गंधकाचा वास पसरला. "आमच्या सात पिढ्यांत अंडं उंबरठ्याच्या आत आलेलं नाही हो," बापट फोनवर रडकुंडीला आले होते, "आणि माझ्या देवघरात अंडी उकडल्याचा वास!"

मग मोरीसाननीच मार्ग दाखवला. झऱ्याचं पाणी घरात आणायचंच नाही. बाहेरच्या टाकीत त्याच्या उष्णतेवर साधं पाणी तापवायचं आणि ते जमिनीखाली फिरवायचं. त्यासाठी सगळी जमीन पुन्हा उखडली. फळ्या मी उचलल्या. माझी कंबर अजून त्या फळ्यांची आठवण काढते. नाही म्हणायची ताकद माझ्यात सोमवार ते शुक्रवारही नसते, शनिवारी कुठून येणार?

यंदा भर हिवाळ्यात वहिनी आल्या. मलाही बोलावणं होतं. बाहेर छपरापर्यंत बर्फ. वहिनी भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या, जमिनीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान गरम आहे हो." बापट लहान मुलासारखे फुलले.

थोड्या वेळाने वहिनी हळूच म्हणाल्या, "पण इथे मी बोलू कोणाशी? तुम्ही दिवसभर त्या लॅपटॉपमध्ये. मोरीसानच्या बायकोला नुसतं वाकून वाकून मान दुखते माझी. मी आपली ठरल्याप्रमाणे रविवारी निघते." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मला बापटांची दया आली आणि रागही आला. एवढा खटाटोप केला, त्याआधी बायकोला नीट विचारायचं तरी! न राहवून म्हटलं, "बापटसान, थंडी हे खरं कारण नसेल, अशी शंका तुम्हाला कधीच आली नाही?"

"आली ना," बापट म्हणाले. "तिला विमानतळावर सोडलं, तेव्हाच आली. पण त्याच्यावर काय करायचं ते मला येत नाही हो. थंडीचं येत होतं."

मग ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत वहिनी कप मांडत होत्या. बापटांनी दोनदा घसा खाकरला. मग आत पाऊल टाकलं.