एका रात्रीत तीस मीटर

सरांचं म्हणणं एवढंच होतं, की या खेपेलाही विभागप्रमुखाची खुर्ची आपल्याला मिळाली नाही, तर निवड समितीने डोळे तपासून घ्यावेत. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, म्हणजे ही शेवटची संधी. आणि समिती बघते काय, तर सायटेशन. जगातल्या किती संशोधकांनी तुमच्या लेखाचा हवाला दिला, तो आकडा. सरांच्या नावावर सहाशे अठरा होते. त्यातले सहाशे चार एकट्या एका लेखाचे आणि उरलेले चौदा बाकीच्या एकतीस लेखांचे मिळून. पण न विचारता हे कोण सांगत बसतं?

तो लेख गोगलगायींवर होता. बावीस वर्षांपूर्वी सरांनी क्वार्टरमागच्या बागेतल्या साठ गोगलगायींच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने नंबर टाकले. रात्री कुंड्यांत दिसलेल्या गोगलगायी सकाळी सात वाजता थेट पाण्याच्या टाकीमागे सापडत. एका रात्रीत तीस मीटर, आणि सगळ्या एकाच दिशेने! गोगलगायीला दिशा कळते, असा सिद्धांत सरांनी मांडला आणि तेव्हापासून त्यांची मान जी ताठ झाली ती झालीच.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात संस्थेच्या वार्तापत्राची संपादिका घरी आली. सरांनी तिला पाऊण तास सिद्धांत समजावून सांगितला. निघता निघता ती बाईंकडे वळली. बाई म्हणजे सरांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. या कामात तुमचाही हातभार असेल ना, असं तिने आपलं रीत म्हणून विचारलं.

"नेलपॉलिश माझी," बाई म्हणाल्या. "आणि रोज त्या गोगलगायींना उचलून टाकीमागे सोडायचे, ते."

सरांनी कप खाली ठेवून, म्हणजे काय, असं विचारलं.

बाईंनी सगळं सरळ सांगितलं. शाळा सातची, म्हणून त्या साडेपाचला उठून कुंड्यांना पाणी घालत. गोगलगायी रोपं फस्त करत. मारायचं जिवावर येई, शिवाय पाठीवर नंबर, म्हणजे ऑफिसच्या वस्तू. मग त्या बादलीत गोळा करून लांब नेऊन सोडत.

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला फक्त नेलपॉलिश कुठे आहे ते विचारलंत. निष्कर्ष काय निघाला, तो मी आज पहिल्यांदा ऐकला."

संपादिकेने वही मिटली. यातलं काही छापत नाही म्हणाली आणि ओठ घट्ट दाबून जिना उतरली.

सरांनी स्वतःची समजूत घालून पाहिली, की सहाशे चार माणसं काही वेडी नसतील. धीर यावा म्हणून त्यांनी ते लेख पहिल्यांदाच उघडून वाचायला घेतले. आजवर ते नुसता आकडा बघत. पहिल्यात लिहिलं होतं, आमच्या गोगलगायी चार मीटरपुढे गेल्या नाहीत. दुसऱ्यातही तेच. कुणी मातीला बोल लावला होता, कुणी हवेला. एका मुलीने पीएचडीची तीन वर्षं या तीस मीटरच्या मागे घालवून शेवटी लिहिलं होतं, 'आमच्याच निरीक्षणात काही चूक झाली असावी.' ते वाचून सरांना स्वतःची लाज वाटली. तीन वर्षं गवतात वाकून बसलेली ती मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

समिती होऊन जाऊ द्या, मग कळवा, असं बाईंनी सुचवलं.

"तिने चूक स्वतःवर घेतली गं," सर म्हणाले. "आता आठवडाभर गप्प कसा बसू?"

बाईंनी कपाटातून बावीस वर्षांपूर्वीचं कॅलेंडर काढलं. रोज बादलीत किती गेल्या, ते त्यांनी तारखेखाली लिहून ठेवलं होतं. सरांच्या वहीशी ताडून पाहिलं, तर एकूण एक गोगलगाय जुळली. दोघांनी मिळून दोन पानांची दुरुस्ती लिहिली आणि सरांनी आपण होऊन बाईंचं नाव आधी घातलं.

समितीपुढे सरांनी सगळं स्वतःच सांगितलं. अध्यक्षांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरला आणि खुर्ची शेवाळावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला दिली.

वर्षाच्या आत त्या दोन पानांची सायटेशन सातशेवर गेली. बागेत उतरण्याआधी घरच्यांना विचारा, हे आता विद्यार्थ्यांना त्यातूनच शिकवतात म्हणे. साडेपाचची बादली हल्ली सरांकडे असते. बाई चहा घेता घेता खिडकीतून सायटेशनचा आजचा आकडा सांगतात.

मागच्या आठवड्यात त्या मुलीचं पत्र आलं. ती आता प्राध्यापक आहे. 'तुमच्या कॅलेंडरमुळे माझी चूक नव्हती हे कळलं,' असं लिहून तिने बाईंना परिषदेत पहिलं भाषण करायला बोलावलं आहे. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, की सोबत यजमान येणार असल्यास तसं आधी कळवावं.

सरांनी कोट ड्रायक्लीनिंगला दिला आहे. बाईंनी अजून कळवलेलं नाही.