मिनिटाला अकरा थेंब

गळती ही व्यवस्था पूर्ण झाल्याची पहिली खूण होय. जे गळत नाही ते अजून बांधून व्हायचं आहे, असं खुशाल समजावं. साहेबांनी गॅलरीत स्वतःच्या हातांनी उभारलेली बिनमातीची बाग ज्या दिवशी तयार झाली, त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला ती गळू लागली.

बागेची रचना सोपी होती. प्लॅस्टिकचे तीन आडवे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे कप, कपांत एकेक रोप. खाली एक टब आणि टबात पंप. पंपानं खताचं पाणी वर चढवायचं, पाण्यानं मुळं भिजवत परत टबात यायचं. रोपं एकूण चोवीस : बारा पालकाची, बारा लेट्यूसची. पाणी गळत होतं ते मधल्या पाइपाच्या टोकाला बसवलेल्या टोपणातून, मिनिटाला अकरा थेंब या वेगानं. (मोजणी तीनदा झाली. दुसऱ्या वेळी बारा भरले होते, पण तेव्हा साहेबांना शिंक आली होती.)

दुसरा कोणी असता तर त्यानं हाताला लागेल ते फासून भोक बुजवलं असतं. साहेब दुसरे कोणी नव्हते. ते नमुना तपासणी विभागाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या सहीनं एकही वाईट वस्तू बाहेर गेली नाही. (चांगल्या किती आत अडकल्या, याची नोंद ठेवण्याची पद्धत विभागात नव्हती.)

आणि हा प्रश्न नुसत्या टोपणाचा नव्हता, बायकोचा होता. बायको शिवणकाम करायची. मागे ती आजारी पडली आणि नऊ दिवस रुग्णालयात होती. ते नऊ दिवस साहेब पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून सलाइनचे थेंब मोजत होते. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रक्त कमी आहे. पालेभाज्या खा. तीन महिन्यांनी तपासू." साहेबांनी हा आदेश मानला आणि त्याला एक कलम स्वतःचं जोडलं : बाजारच्या पाल्यावर काय काय फवारतात देव जाणे, सबब आपल्या बागेतलं पहिलं पान हाती येईपर्यंत घरात पालेभाजी बंद. बायकोच्या तोंडात आपल्या हातून वावगं काही जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. माणूस घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस नियम करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नळसामानाच्या दुकानात गेले. दुकानदार तेव्हा कोणाला तरी वॉशर मोजून देत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "माशांच्या काचेच्या टाकीला लावतात ते साधं सिलिकॉन घ्या, बुरशीनाशक औषध नसलेलं. टोपण पॉलिश पेपरनं घासा, कोरडं करा, लावा. दोन दिवस हात लावू नका. आंबूस वास गेला की पाणी सोडा."

या उत्तराला बारा सेकंद लागले. साहेबांना दुकानदाराची दया आली. पहिल्याच दुकानात, पहिल्याच दिवशी, गिऱ्हाइकाचं तोंडसुद्धा न बघता मिळालेलं उत्तर बरोबर असतं, तर जगात विभाग कशाला स्थापन झाले असते? त्यांनी दुकानातून एक नळी सिलिकॉन घेतलं, ते 'नमुना क्रमांक एक' म्हणून कपाटात ठेवलं आणि चौकशी सुरू केली.

चौकशीचा पहिला निर्णय पंप बंद ठेवण्याचा होता. गळतं पाणी खालच्या मजल्यावर जात होतं आणि तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाई वर येऊन हसत हसत सांगून गेल्या होत्या, "काका, माझे टॉवेल आता पालकासारखे वाढायला लागलेत." पंप बंद झाल्यामुळे गळती तात्काळ शून्यावर आली. (रोपांना पाणी मिळणंही शून्यावर आलं, पण तो वेगळा विषय होता.) रोपं तात्पुरती एका परातीत हलवण्यात आली.

मग उमेदवार मागवले. बाथरूमच्या सिलिकॉननं पहिल्याच वाक्यात आपला काळ ओढवून घेतला. त्याच्या नळीवर 'बुरशीचा नायनाट' असं अभिमानानं छापलं होतं. जो बुरशीला जगू देत नाही तो पालकाला काय सोडणार? पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं साहेबांचंच डोकं धरलं. मेणबत्तीचं मेण दुपारच्या उन्हात स्वतःहून राजीनामा देऊन खाली उतरलं. बायकोनं मशिनवरून न उठता कणकेचा गोळा सुचवला. खाता येतं ते निर्धोक, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. मुंग्यांनी एका दुपारीत त्याला निर्धोकपणाचा दाखला दिला आणि जाताना नमुनाही घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी दातांत भरायचं सिमेंट देऊ केलं. "माणसाच्या तोंडात चालतं, काका."

"माणूस थुंकू शकतो," साहेब गंभीरपणे म्हणाले. "पालक थुंकू शकत नाही."

एवढं झाल्यावर माशांच्या सिलिकॉनचा विचार करायला हरकत नव्हती. ते माशांना चालतं असं नळीवर लिहिलं होतं. पण तसं लिहिणारा मासा नव्हता, हे साहेबांच्या चाणाक्ष नजरेतून सुटलं नाही. त्यांनी एक सोनेरी मासा आणला, त्याला 'निरीक्षक' असा हुद्दा दिला आणि वाळलेल्या सिलिकॉनच्या पट्टीसह एका मोठ्या बरणीत तीस दिवस ठेवलं. निरीक्षक रोज दोनदा खायचा आणि दिवसभर कोणाकडेही न बघता गोल फिरायचा. साहेबांना आपल्या कचेरीची फार आठवण येई.

तीस दिवसांनी मासा जिवंत तर होताच, शिवाय जाड झाला होता. सिलिकॉन माशाला निर्धोक, हे सिद्ध झालं. पण मासा म्हणजे झाड नव्हे. तेव्हा झाडांवर चाचणी आली. गळती बुजवायची आठ सिलंट, प्रत्येकी दोन रोपं, सोळा पेले. दर तिसऱ्या दिवशी रोप उपटून मूळ पट्टीनं मोजायचं आणि परत ठेवायचं. सोळाच्या सोळा रोपं मेली. साहेबांनी निष्कर्ष लिहिला : 'कोणतेही सिलंट सदोष असल्याचे निश्चितपणे आढळले नाही, कारण सर्व रोपे सारख्याच प्रमाणात दगावली.' परातीत चाचणीची वाट पाहत बसलेल्या आठांपैकी सात वाट पाहतच वाळली. राहिलं एक पालकाचं रोप.

एक्याऐंशीव्या दिवशी साहेबांनी नमुना क्रमांक एक कपाटातून काढला. टोपण घासलं, कोरडं केलं, सिलिकॉन लावलं. दोन दिवस हात लावला नाही. आंबूस वास गेल्यावर पंप सुरू केला. मग स्टूल ओढून पाइपासमोर बसले आणि घड्याळ लावून मोजू लागले. पहिल्या मिनिटाला शून्य. दुसऱ्या मिनिटाला शून्य. दहाव्या मिनिटाला त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा रुग्णालयात स्टुलावर बसून थेंब मोजताना हात बांधलेले होते. आज निदान एक गोष्ट हातानं बरी करता आली होती.

बायको मागे येऊन उभी राहिली. तीन पाइप, चोवीस भोकं आणि एक रोप तिनं नीट पाहिलं. "बैल गेला नि झोपा केला," ती म्हणाली. पण खांद्यावर हात ठेवून म्हणाली.

सिलिकॉन पुढेही निर्धोक राहील याची हमी हवी, म्हणून साहेबांनी निरीक्षकाला कायमस्वरूपी टबात नेमलं आणि शेवटचं रोप, देखरेखीखाली राहावं म्हणून, टबाच्याच झाकणात बसवलं. मुळं खाली पाण्यात सोडली. निरीक्षकानं दोन दिवसांत ती देठापर्यंत खाल्ली.

त्याच आठवड्यात रक्ताचा अहवाल आला. नऊ पूर्णांक एकवरून अकरा पूर्णांक आठ. साहेबांनी तो तीनदा वाचला आणि वहीत लिहिलं : 'बाजारची पालेभाजी बंद ठेवल्याचा स्पष्ट परिणाम.'

इथे एक बाब नोंदवायची राहिली. बायको गेले तीन महिने रोज साडेबाराला खाली डॉक्टरीणबाईंकडे पडद्यांचं माप घ्यायला जात होती. डॉक्टरीणबाईंच्या घराला खिडक्या चार. चार खिडक्यांच्या मापाला तीन महिने लागतात, यात साहेबांना काहीच वावगं वाटलं नव्हतं. खाली रोज कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडची जुडी नळाखाली धुऊन शिजायची आणि माप घेणारी बाई वाटीभर खाऊन वर यायची.

"मावशी, काकांना सांगून टाका ना आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको गं. माझ्यासाठी घाबरलेत ते. जीव अडकलाय त्यांचा त्या टोपणात. एवढं करू दे त्यांना." मग वाटी पुसत म्हणाली, "आता सोफ्याची खोळ शिवायला काढू या."

साहेबांनी बियांचं नवं पाकीट आणलं असून ते सध्या तपासणीखाली आहे.

आता वाचकहो, साहेबांना हसून झालं असेल तर तुमच्या मनातला प्रश्न विचारून टाका : ते सगळं ठीक, पण घरच्या बागेला सिलंट नेमकं कोणतं लावायचं? ते दुकानदारानं पहिल्याच दिवशी बारा सेकंदांत सांगितलं होतं, घासण्यापासून वाळवण्यापर्यंत. तुम्ही ते वाचलंत, मान हलवलीत आणि आणखी चांगलं काही मिळेल म्हणून इथवर आलात. तुमच्या घरातली गळतीखालची बादली एव्हाना भरली असेल.