बागेतला पैलवान

हर्षालीनं बेडरूमचं दार लावलं, कडी घातली, कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं आणि मग लॅपटॉपमधल्या बागेत शिरली.

ही बाग मोशीत कुठेच नव्हती. हॉस्पिटलनं ती पडद्यावर उभी केली होती. मधोमध वड, वडाला पार, बाजूला तळं. ज्यांच्या रक्तात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा अंश निघाला त्यांना तो समजावून सांगायला चाकणपासून ताथवड्यापर्यंत एकच मॅडम होत्या, म्हणून त्यांनी सगळ्यांना एकदम या आभासी वडाखाली बोलवायचं ठरवलं. प्रत्येकानं एक सोंग निवडायचं, टोपणनाव घ्यायचं. आवाजसुद्धा यंत्र बदलून देणार. नियम एवढाच, की कुणी कुणाचं नाव-गाव विचारायचं नाही. हर्षाली तिथे पिवळ्या ड्रेसमधली ‘मोगरा’ होती.

ही लपवाछपवी तिच्या फार सोयीची होती. तिला तिसरा महिना लागला होता. पहिल्या मुलीच्या, ओवीच्या वेळी गावाकडच्या दवाखान्यात ही तपासणी कुणी केली नव्हती. या खेपेला झाली आणि डॉक्टर म्हणाले, तुम्ही थॅलेसेमिया मायनर आहात. तुम्हाला काही होणार नाही, पण नवऱ्यातही हेच असेल तर बाळाला मोठा आजार व्हायची शक्यता चारात एक. त्यांचं रक्त तपासून घ्या.

काम साधं होतं. पण गोरक्षच्या पोटात आईपासून काही राहत नाही, असं हर्षालीचं पक्कं मत होतं. आणि गोरक्षची आई म्हणजे गवराबाई. हर्षालीची सासू, त्याआधी तिची सख्खी आत्या. लहानपणी हीच आत्या तिला खांद्यावर घेऊन बैलगाडा शर्यत दाखवायची. भावाच्या मागे लागून तिनं ही पोर सून म्हणून आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच आत्या भाकरीचा पापुद्रा सुटला का ते बघायला लागली. रक्तातलं कळलं तर काय म्हणेल, याचा हर्षाली रोज नव्यानं अंदाज करायची आणि प्रत्येक अंदाज आदल्या दिवसापेक्षा वाईट निघायचा.

म्हणून घरात तिनं ऑनलाइन शिवणक्लासची थाप मारली होती. आत्या ओवीला सांभाळायची आणि वर विचारायची, “एवढा किलास केलास, एक झबलं तरी दाव.”

बागेत मात्र तिला सुखानं बसता येईना. कारण पैलवान.

पैलवान म्हणजे रुंद छातीचा, गॉगल लावलेला गडी. पहिल्याच दिवशी तो वडाकडे यायचं सोडून सरळ तळ्यात गेला आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, मला भायेर काढा, म्हणत राहिला. बाहेर काढल्यावर पारावर बसला आणि भारदस्त आवाजात मोगऱ्याला म्हणाला, “बाय, माहेर कुठलं तुजं?”

“पैलवान, नियम लक्षात आहे ना?” मॅडम म्हणाल्या.

“नियम ऱ्हाऊ द्या. मानूस कुठलं ते कळल्याबिगर त्याच्याशी बोलायचं काय?”

हर्षालीनं कान टवकारले. ही बोली तिच्या घरातली होती आणि ही चौकशी तिच्या भावकीतली. तिनं लगेच मनात माणूस ठरवून टाकला: चुलतसासरे कोंडीरामनाना. नाना कंपनीची बस चालवायचे, आणि चाकणला बसमध्ये चढलेली बातमी मोशीला उतरेपर्यंत बाळंत झालेली असायची.

बागेत तशी इतरही सोंगं होती. पाराच्या टोकाला एक पांढरा ससा बसायचा. मॅडमनी काही विचारलं की तो नुसते कान हलवायचा. न बोलणाऱ्यावर संशय घ्यायला हर्षालीला सवडच नव्हती.

तिनं सापळा लावला: पैलवान म्हणजे नाना असतील तर बागेत बोललेलं घरी पोचणारच. मॅडमनी आहाराचा विषय काढल्यावर मोगरा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, “आमच्याकडे रक्त वाढावं म्हणून पोह्यांतसुद्धा बीट किसून घालतात. मला वासही सहन होत नाही. पण सासूबाईंना सांगायची सोय नाही.”

बीट खाऊन हे जात नाही आणि लोहाच्या गोळ्याही आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत, असं मॅडमनी सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीत पिवळेधमक पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर. बिटाचा टिपूस नाही. आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली, “खा गुमान. आजपास्नं बीट बंद.”

हर्षालीनं उचललेला घास ताटलीत परत ठेवला. म्हणजे नानांनी बातमी पोचवली. बिटाची पोचली तर रक्ताचीही पोचली असणार. मग आत्या बोलत का नाही? कशाची वाट बघतेय? त्यात आत्या अलीकडे दुपारची मोबाईल घेऊन गॅलरीत जायची आणि मागचं काचेचं दार ओढून घ्यायची. नानांशीच बोलत असणार. हर्षालीनं दोन्ही गोष्टी जुळवल्या आणि चांगल्या घट्ट जुळल्या.

पुढच्या बैठकीला ती मोबाईल हातात घेऊनच बागेत शिरली. पैलवान पारावर येऊन बसला तशी तिनं आपला बागेतला आवाज बंद केला आणि नानांना फोन लावला. आता पैलवानाची वाजणारी रिंग सगळी बाग ऐकेल, असा तिचा हिशेब.

फोन उचलला गेला. मागे हॉर्नचा गोंगाट होता. “काय गं पोरी? चौकात अडकलोय, म्होरं कांद्याचा ट्रक आडवा झालाय. ठीक हाय ना समदं?”

आणि त्याच क्षणी पैलवान वडाखाली मॅडमशी बोलत होता.

हर्षालीनं, काही नाही, सहज केला, म्हणून फोन ठेवला. मग हा कोण?

पैलवान आज बसक्या आवाजात बोलत होता. “मॅडम, मोतीबिंदूच्या तपासणीत माज्या रक्तात हे निघालं. लेकाला सांगायची हिंमत न्हाई, सुनंला तर त्याहून न्हाई. ती दोन जीवांची हाय. सख्ख्या भावाची पोर हट्टानं सून करून आनली, मॅडम. तिच्या लेकराला काय झालं तर भावाला तोंड कसं दावू?”

 कुणीतरी घसा खाकरला. “पैलवान, सख्ख्या भावाची मुलगी? म्हणजे चुलत भाऊ-बहिणीचं लग्न लावलंत तुम्ही?”

“एका कुळातलं?” दुसरं कुणीतरी पार सोडून उभंच राहिलं. थॅलेसेमिया बाजूला राहिला आणि सगळी बाग पैलवानाकडे संशयानं बघायला लागली.

हर्षाली मात्र लॅपटॉपकडे बघत होती. भावाची मुलगी पुरुषाला सून करता येत नाही. बहिणीला येते.

तेवढ्यात बाहेर ओवीनं भोकाड पसरलं. तेच भोकाड पैलवानाच्या तोंडूनही बाहेर पडलं आणि पाठोपाठ पैलवान म्हणाला, “उगी उगी, माजी बाय ती.”

हर्षालीनं आवाज सुरू केला. “आत्या?”

पैलवान दगड झाला. “कोन आत्या? नियम हाय, नाव घ्यायचं न्हाई.”

“बीट तू बंद केलंस?” लग्नानंतर पहिल्यांदाच ती ‘तुम्ही’ विसरली होती.

 पैलवान हळूच म्हणाला, “ती बिटाची तू व्हय? मला वाटलं, कुनाची परकी पोर हाय. तिचं ऐकून वाटलं, आपल्या पोरीलाबी नकोसं होत असंल. सांगत नसंल भिऊन.”

हर्षालीनं लॅपटॉप जवळ ओढला. पैलवानाच्या मात्र आता ध्यानात आलं. “म्हंजी तुज्यातबी हाय? आन माज्यातबी? मग माज्या लेकात असलं तर गं?”

चारात एक. 

तेव्हा पाराच्या टोकाचा ससा खोकला.

“माझ्यात नाहीये,” ससा म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. ससा आज पहिल्यांदाच तोंड उघडत होता, आणि त्याच्या मागे कुठल्यातरी कॅन्टीनमधल्या ताटांचा खणखणाट येत होता. “हॉस्पिटलनं मला फोन केलेला. गुपचूप रक्त देऊन आलो, निकाल येईपर्यंत इथं येऊन ऐका म्हणाले. आज कळलं, मी नॉर्मल आहे. हर्षाला आधी सांगितलं असतं तर ती झोपली नसती. आईला सांगितलं असतं तर तिनं हर्षाला झोपू दिलं नसतं.”

“गोरक्ष, मी इथं आहे हे तुला ठाऊक होतं?”

“पोह्यांत बीट घालणारं घर या पट्ट्यात आपलंच. मोगरा तूच, हे तेव्हाच कळलं. आईचं मात्र आत्ता कळलं. त्या तळ्यातल्या गड्याला मी चार वेळा हसलो असेन.”

मॅडमनी सगळं पुन्हा नीट सांगितलं. आई-बापांपैकी एकातच अंश असला तर मुलाला मोठा आजार होत नाही. फार तर आईसारखाच अंश येईल, आणि आई तर समोर ठणठणीत बसली आहे.

हर्षाली उठली आणि तिनं कडी काढली. आत्या ओवीला कडेवर आणि मोबाईल हातात घेऊन दाराशीच उभी होती. ती आत आली, पलंगावर टेकली आणि तिनं हर्षालीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. पडद्यावर मोगरा आणि पैलवान अजून पाराच्या दोन टोकांना बसले होते.

बागेतून उठायला मात्र कुणी तयार नव्हतं. शेवटी मॅडमच जरा अवघडून म्हणाल्या, “हे नियमात बसत नाही. पण आता राहवत नाही म्हणून विचारते. मोगरा, पैलवान, तुमचं माहेर कुठलं?”

“एकच,” दोघी म्हणाल्या.