हगलूमामा

आमच्या सीमेवरच्या रामनगरात परसूमामा लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी जेवायचे. मुहूर्त संध्याकाळचा असला तर दुपारीच आचाऱ्याच्या मागं उभे राहून भात मागून घ्यायचे. सूर्य बुडाला की तोंडाला कुलूप. मग पानात जिलेबी पडो की अमृत. मुलीच्या बापानं हात जोडले तरी उत्तर एकच, "हगलूच खायाचं, बाबा. हगलूच."

हगलू म्हणजे कन्नडात दिवसाउजेडी. आमच्या बोलण्यात मराठी, कन्नड, कोकणी सगळंच एका पातेल्यात शिजतं, त्यामुळं कुणाला काही वाटायचं नाही. पण एकदा माझ्या आत्याचे यजमान साताऱ्याहून आले होते. जेवताना त्यांनी मामांना तब्येतीचं गुपित विचारलं. मामांनी मोकळ्या मनानं सांगितलं, की जलमभर रातचं खाल्लं, आता फक्त हगलूच खातो. साताऱ्याच्या माणसाला त्यात काय ऐकू आलं ते मी बाईमाणसानं सांगायला नको. पाहुणे पानावरून उठायच्याच बेतात होते. त्या दिवसापासून परसूमामांचे हगलूमामा झाले.

मामा आमचे शेजारी. लाकडाच्या डेपोत जन्मभर रात्रीची राखण केलेली. म्हातारपणी घरी बसले आणि डोक्यात हे खूळ शिरलं. त्यांचं म्हणणं, अंगात पण कामाच्या पाळ्या असतात. पोट दिवसपाळीला. रात्री अंगाचे राखणदार फिरतात, घाण झाडतात, रोगाला हुसकून लावतात. त्या वेळी पोटात भाकरी ढकलली तर बिचारे राखण सोडून भाकरी ओढत बसतात, आणि चोर आत येतो. खांबावर नवा दिवा लागला आणि मामांचा कोंबडा अवेळी आरवायला लागला, तेव्हा त्यांनी बांबूनं दिव्यावर गोणपाट चढवलं. लाइनमन भांडायला आला. त्याला बसवून पोहे खाऊ घातले, दिवस होता म्हणून.

मी पण हसायची. पण खरं सांगते, पावसाळ्यात अख्खी गल्ली खोकत असायची आणि सत्तरी उलटलेला हा माणूस सागाच्या ओंडक्यासारखा टणटणीत. मला त्यांचं कौतुकच वाटायचं.

नव्वद सालाच्या आसपास आमच्या ह्यांना सॉ मिलमध्ये रातपाळी लागली. दिवस कलायच्या आत जायचे, पहाटे यायचे. नवऱ्याआधी घास घ्यायचा नाही ही आमच्यातली रीत. सासू नव्हती, पण रीत होती ना! मी चूल धरून बसायची आणि पहाटे दोघं जेवायचो. दोनचार महिन्यांत पित्त काय, बारीक ताप काय, नुसतं मागंच लागलं. पोलकी अंगावर लोंबायला लागली.

मामांच्या नजरेतून ते सुटलं नाही. दिवस मावळायच्या आत आमच्या कट्ट्यावर येऊन स्वयंपाकघराकडं पाठ करून बसायचे. जेव म्हणायचे. मी जेवले म्हणून ठोकून द्यायची. भांड्याचा आवाज आला न्हाई, म्हणायचे, आणि हलायचे नाहीत. रोजचंच झालं. एक दिवस माझं डोकं फिरलं. विचारलं, "मामा, तुळसामामी कधी तुमच्याआधी जेवल्या व्हत्या काय?"

मला वाटलं, मामा उठून जातील.

"न्हाई," ते म्हणाले. "मी डेपो राखायचो, ती माझी भाकर राखायची. पहाटंचं दोघं जेवायचो. मला लई बरं वाटायचं बग, आपल्यासाठी कोन तरी जागं हाय म्हणून."

तुळसामामी छातीतल्या गाठीनं गेल्या, एवढं मला ठाऊक होतं.

"बेळगावचा डाक्टर म्हनला, गाठ कशानं झाली ते सांगता येत न्हाई. नसंल येत. पर तू जेवून घे, असं मी तिला एकदा बी म्हनलो न्हाई, पोरी."

मला पुढं उभं राहवेना. आत गेले. ताट वाढून घेतलं, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून पळी मुद्दाम पातेल्यावर वाजवली. डोळे भरून आले होते, तरी जेवले.

बाहेर अजून उजेड होता. मामा पाठमोरेच बसून होते.

"आमटी बी घे," म्हणाले.