ठसा न जुळलेली पत्रं

पूनम सागर सोसायटीतल्या कमळाकर घागांचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत त्यांच्या बायकोच्या, शांताबाईंच्या, कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. शेवटी कमळाकरांनी पुतण्याला, नीलेशला बोलावलं. तो एका कंपनीत कॉम्प्युटरची देखभाल करायचा.

"काका, प्रत्येक फाइलीला हॅश असतो. अंगठ्याचा ठसा समजा. जगभरच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचे ठसे माझ्या यादीत आहेत. जुळला तर फाइल सज्जन. नाही जुळला तर संशयित."

"आणि कुणी नाव बदलून बसला असेल तर?"

"नाव बदललं तरी ठसा तोच."

"मग संशयित सगळे हाकलून दे!"

नीलेशने हाकलले. कॉम्प्युटर पहिल्या शिट्टीआधीच सुरू झाला. फक्त 'तक्रारी' हा फोल्डर रिकामा होता. गच्चीवरच्या टाकीचा पाइप सहा वर्षं घागांच्या बेडरूमच्या भिंतीत गळत होता. त्याबद्दल सोसायटीला लिहिलेली एकशे त्रेसष्ट पत्रं त्यात होती. ती कमळाकरांच्या स्वतःच्या डोक्यातून उतरलेली. त्यांचा ठसा कुणाच्या यादीत असणार?

"अरे, सहा वर्षांची मेहनत माझी!" कमळाकर ओरडले.

"बॅकअप असेल ना, काका?"

"प्रिंट काढून सेक्रेटरीला द्यायचो. तोच बॅकअप."

त्याच संध्याकाळी ते सेक्रेटरी भूपेशभाईंच्या दारात उभे राहिले. "माझी सगळी पत्रं पाहिजेत. झेरॉक्स चालेल, पण तारखा दिसल्या पाहिजेत."

"सगळी? कशाला?"

"फाइल करायचीय."

भूपेशभाईंचा चेहरा उतरला. दार लागताच त्यांनी कमिटीला फोन लावला. "घागभाई कोर्ट में जा रहे हैं. केस फाइल कर रहे हैं!"

सकाळी आठला दोन प्लंबर आले. दुपारपर्यंत नवा पाइप बसला आणि शनिवारी भिंतीला रंगही लागला. कमळाकर कोरड्या भिंतीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. काहीतरी हरवल्यासारखं त्यांना वाटत होतं.

रविवारी नीलेश पेनड्राइव्ह घेऊन आला. पुसलेलं परत मिळवायला त्याने पाच दिवस घालवले होते.

"सॉरी, काका. सगळी मिळाली. एकशे त्रेसष्टच्या एकशे त्रेसष्ट."

"राहू देत तुझ्याकडेच," कमळाकर घाईघाईने म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या सुलूवहिनी आत आल्या. त्यांनी लॅपटॉप छातीशी धरला होता.

"नीलेश, आमचापण जरा साफ करून दे ना. लिफ्टसाठी मी नव्वद पत्रं लिहिलीयत."