सावरीवरील घारीची हकीकत

ज्याने आकाश मोकळे ठेविले त्या ईश्वरास वंदन करून लिहितो ऐसे जे, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, फाल्गुन मासी एका राज्याच्या किल्ल्यावर वर्तमान जाहले. नगारखान्यापाशी उंच सावर, आणि तिच्या शेंड्यास काटक्याचिंध्यांचे घरटे करून घारीचे जोडपे राहात होते. नगारची सुभाना एकटे गृहस्थ, त्यांस या घारीचे भारी कौतुक. तिने पंख न हालविता घिरट्या घालाव्या, दुभंगल्या शेपटीने वळण घ्यावे, आणि बाजारातील मेले उंदीर, मासळीची आतडी उचलून किल्ला निर्मळ राखावा, ऐसा शिरस्ता. मग दोन पिले जाहली आणि घारबाई तिखट जाहल्या. किल्लेदार हैबतराव फेरीस निघाले, तो झडप घालून त्यांची पगडी उडविली आणि टाळूस नखे लाविली. चाकर हसले, तेणेकरून किल्लेदार फारच संतापले आणि हुकूम केला की, उद्या सावर तोडावी.

सुभाना पाया पडले. "सरकार, पिलांस पंख पुरते फुटले नाहीत. तीन आठवडे द्यावे."

"आणि तोवर माझ्या डोक्याचे काय?"

"आपल्यापुढे मी चालतो. मारील ते मला मारील."

मग रोज सकाळी सुभाना हात उंच हालवीत पुढे आणि किल्लेदार मागे, ऐसी फेरी होऊ लागली, आणि घारीने कधी मनगट ओरबाडावे, कधी कान, आणि सुभाना यांनी हळद दाबून दुसरे दिवशी पुन्हा हजर व्हावे. इतक्या वर्षांची ओळख असोन हिला आपण वैरी दिसतो, याचेच त्यांस वाईट वाटे. एके दिवशी किल्लेदारांनी पुसिले, "फार दुखते काय?"

"दुखते, सरकार. पण आई आहे ती. तिचे चुकले कोठे?"

त्या दिवसापासून किल्लेदारही वर पाहू लागले. मुदत भरली आणि लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन आले. थोरले पिलू परवाच उडाले होते, धाकटे फांदीवर थरथरत बसले होते. किल्लेदारांनी हात वर करून लाकूडतोड्यांस थांबविले. मग पिलू घसरले, दगडासारखे खाली आले, आणि जमीन हातभर राहिली असता पंख उघडून वर गेले. किल्लेदार "उडाले रे, उडाले!" ऐसे ओरडले आणि सर्वांदेखत सुभाना यांस मिठी मारिली.

"ही पुढल्या साली येथेच येतील?"

"झाड असले तर येतील, सरकार."

कुऱ्हाडी परत गेल्या.

सारांश, सावर राहिली, घारही राहिली. आणि पुढील सालापासून फेरीस पुढे कोणी चालावे, यावरून किल्लेदार व नगारची यांत दर फाल्गुनात तंटा होऊ लागला. घडले तितुके लिहिले.