सिद्रामप्पांच्या फक्कीच्या भिंती

न बांधलेल्या घरात भिंतीतून शिरलो म्हणून सिद्रामप्पांनी मला एकदा अख्ख्या गावादेखत बाहेर हाकललं होतं. भिंत कसली, जमिनीवर ओढलेली पांढऱ्या फक्कीची रेघ! पण आप्पा गरजले, "बाळ्या! भूत हैस का रे? दार तिकडं हाय!" मी मुकाट्यानं वळसा घातला, चप्पल काढली आणि दारातून आत आलो. वाकूनच आलो. आप्पांची नजर अशी होती की ताठ आलो असतो तर चौकट नक्की कपाळाला लागली असती.

आप्पा लातूरचे बांधकामवाले इंजिनियर आणि मी त्यांचा मुकादम. आप्पांची उंची सहा फूट. रागावले की साडेसहा. शहरातल्या बंगल्यांची कामं घेत नाहीत. शे-दोनशे उंबऱ्याच्या गावातलं समाजमंदिर, अंगणवाडी, धुण्याचा घाट, असलंच काम घेतात. नकाशा गावाला दाखवत नाहीत. पोतंभर फक्की घेऊन जागेवरच खऱ्या मापाची इमारत आखतात आणि गावाला सांगतात, "ऱ्हाऊन बघा." मग सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गावानं त्या रेघांत नांदायचं. तक्रारी आप्पा वहीत लिहितात. विटेला वीट त्यानंतर.

धर्माबादकडं एका म्हाताऱ्यानं सवयीनं फक्कीच्या भिंतीला पाठ टेकली आणि चारी मुंड्या चीत झाला. आम्ही उचलायला धावलो. आप्पा लिहीत होते : 'पश्चिमेची भिंत. टेकायला लागते. जाड करणे.' दुसऱ्या एका गावात म्हैससुद्धा दारातून आली आणि दारातूनच गेली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

तर गेल्या उन्हाळ्यात मुदखेडजवळच्या एका खेड्यात काम निघालं. बचत गटाच्या बायांना लग्नाकार्याच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या, त्यासाठी स्वयंपाकघर. सरपंच पुढं झाले. "आप्पा, बायांना काय इचारता? मी सांगतो ना, समदं झकास हाय."

"सरपंच, तुमी पोळ्या लाटता का?"

"न्हाई बा."

"मग तुमी व्हरांड्यात बसा."

व्हरांडाही फक्कीचाच. सरपंच दुपारपर्यंत उन्हात बसले. शेवटी ओरडले, "आप्पा, छप्पर न्हाई वो याला!"

"हाय. तुमाला दिसंना."

आत आप्पांनी नुसत्या विटा रचून, वर शहाबादी फरशी ठेवून ओटा केला होता. बाया शेगड्या घेऊन आल्या, खरंच पन्नास माणसांच्या पोळ्या करायला लागल्या. आप्पा प्रत्येकीला विचारत होते आणि प्रत्येकजणी "चांगलं हाय, सायेब" म्हणत होती. आप्पांना 'चांगलं' हा शब्द शिवीसारखा लागतो. "आत्ता बोला गं मायांनो! एकदा गिलावा झाला की जन्मभर असंच ऱ्हाईल!" बायांनी पुन्हा लाटणी हातात घेतली.

रुक्मिणबाई म्हणून एक ठेंगणी बाई होती. गवंड्याचं घमेलं तिनं उपडं घातलं, त्यावर चढली आणि लाटायला लागली.

आप्पा तिच्यापाशी गेले. "मावशे, घमेल्यावर का?"

"वटा उच हाय."

"मग सांगायचं न्हाई का?"

"त्यात काय सांगायचं? घरी बी पाटावरच हुभी ऱ्हाते की. वटा काय खाली यितो व्हय? बाईनंच चढायचं."

बाकीच्या बाया हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी फरशी उतरवली, विटेचा एक थर काढला, रुक्मिणबाईला उभं केलं, पुन्हा अर्धा थर काढला. तिची कोपरं ओट्याच्या बरोबर उंचीला आल्यावरच वहीत माप लिहिलं. परतीच्या वाटेवर मुदखेडपासून लातूरपर्यंत आप्पा रुक्मिणबाईच्या मापाचं पान उघडून बसले होते. एरवी झोपेतही सिमेंटच्या भावावर भांडणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. "बाळ्या, घरी ये. घण आण."

गेलो तर आप्पा त्यांच्याच स्वयंपाकघरात उभे. हे घर त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः बांधलेलं. ओट्यापुढं एक लाकडी पाट होता, दोन पावलांच्या जागी झिजून खोलगट झालेला. आप्पांच्या बायकोला आम्ही सगळे नीलव्वा म्हणतो. ती आप्पांच्या बरगडीपर्यंत येते. त्या पाटावर उभं राहून तिनं करून दिलेला चहा मी पिंपानं प्यायलो असेन. पण पाट मला पहिल्यांदा त्या दिवशीच दिसला.

नीलव्वा देवळातून परत येईपर्यंत अर्धा ओटा खाली आला होता.

"ह्ये काय करून राहिलात?"

"उच व्हता तुला. कमी करतो."

"मला इचारलंत?"

घण हवेतच थांबला. गावोगाव विचारून हरकती वहीत लिहिणारा माणूस! मी छताकडं बघायला लागलो.

आप्पांनी घण ठेवला. विटांच्या ढिगावर बसले. मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "चुकलं. आता इचारतो. काय पाहिजे तुला?"

नीलव्वानं पाट उचलून त्यावरची विटांची धूळ पदरानं झटकली. मग म्हणाली, "वट्याचं कवाच अंगवळणी पडलं. खिडकी पाहिजे व्हती रस्त्याकडं. तुमी आठ आठ दिवस गावं फिरायचे. गाडी वाजली की मी वल्या हातानं दारात पळायची. धा खेपेत एकदा तुमी असायचे."

"तवाच का न्हाई बोललीस?"

"तवा नवी नवरी व्हते. मामंजी म्होरं बसलेले. कशी बोलू?"

आप्पा उठले. ओट्यापुढं, तिच्या जागेवर जाऊन उभे राहिले. मग हळूहळू गुडघे वाकवले, डोकं तिच्या डोक्याइतकं खाली येईपर्यंत, आणि समोर बघत राहिले. समोर रस्त्याकडची भिंत. फोडणीचे डाग आणि एक रिकामा खिळा.

"काय दिसतंय, आप्पा?" मी विचारलं.

"काहीच न्हाई रे दिसत हितून," आप्पा म्हणाले. आणि तसेच वाकून उभे राहिले.